हलक्या सॅकचा भार

घरच्यांसोबत तंबूत दोन रात्री काढायच्या तर किती सामान न्यावं, यावर आमच्याकडे गेले तीन आठवडे जे चाललं आहे त्याला नीतिशास्त्र म्हणावं की भांडण, हे अजून ठरत नाही. जायचं फार लांब नाही. विरारहून डहाणू लोकलनं बोईसर, तिथून रिक्षानं घिवली. माझ्या आत्याचं सासर तिथलं. समुद्राजवळ तिची वाडी आहे आणि तंबू लावायला तिची ना नाही. (‘घरात खोल्या असताना?’ असं तिनं एकदाच विचारलं, मग मुलांची हौस म्हणून सोडून दिलं.) माणसं पाच. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, ज्यांना गुडघ्यांमुळे जमिनीवरून उठता येत नाही.

नवऱ्याचं म्हणणं असं, की सामान कमीत कमी हवं. घरच उचलून न्यायचं तर बाहेर पडायचं कशाला? म्हणून त्याच्या यादीत फोल्डिंग खाट नाही, खुर्ची नाही, दुसरी शेगडी नाही. सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, ‘मग मी राहते घरी, तुम्ही जाऊन या.’ त्यात रुसवा नव्हता. यादी वाचून त्यांनी सरळ हिशेब केला होता. सामानाच्या यादीत काय आहे, यावरून कोण येणार हे ठरतं, ही गोष्ट मला त्या वाक्यामुळे पहिल्यांदा इतकी स्वच्छ दिसली.

कमी सामान हा सद्गुण आहे असं आपण धरून चालतो. अपरिग्रह आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेला असतो आणि ट्रेकिंगवाल्यांनी त्याला नवी झळाळी दिली आहे. सॅक जितकी हलकी तितका माणूस मोठा. पण गडाच्या पायथ्याच्या गावात रात्री नऊला पोचून देवळात पथारी टाकणाऱ्याची सॅक हलकी राहते, कारण पिठलं-भाकरीचा भार गावातल्या एखाद्या घरची बाई उचलते. तिच्या चुलीचं वजन कोणी सॅकमध्ये धरत नाही. साधेपणाचा जगप्रसिद्ध नमुना म्हणजे थोरो. १८४५च्या जुलैत तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला, ती जमीन त्याचा मित्र इमर्सनची. खोपटाचा खर्च त्यानं अठ्ठावीस डॉलर आणि वर काही सेंट असा चोख लिहून ठेवला आहे. त्याच जमाखर्चात तो हेही कबूल करतो, की कपडे धुणं आणि शिवणं बहुतेक बाहेरच व्हायचं आणि त्याचं बिल अजून आलेलं नाही. मला थोरो आवडतो, आणि या प्रामाणिकपणासाठी जरा जास्तच. पण ते न आलेलं बिल कोणाच्या नावावर पडतं, हा प्रश्न कुटुंबाच्या सहलीत टाळता येत नाही. माणसं समोरच बसलेली असतात.

उलट उदाहरण आपल्याच अंगणातलं आहे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या दिंडीसोबत ट्रक असतो. त्यात गाठोडी, शिधा, राहुट्यांचं कापड, बांबू, मोठी पातेली. वारकरी चालत मुक्कामी पोचेपर्यंत राहुट्या उभ्या असतात. याला कोणी चैन म्हणत नाही. तो ट्रक नसता तर वारी फक्त धडधाकट माणसांची उरली असती, आणि सत्तरीच्या ज्या बाया दरवर्षी निघतात त्या दारातूनच हात जोडून परतल्या असत्या.

म्हणून मी यादी दुसऱ्या टोकाकडून केली. ज्याला सर्वांत जास्त त्रास होणार त्याच्यापासून सुरुवात. सासूबाईंसाठी खाट, जमिनीपासून निदान दीड फूट उंच, म्हणजे पाय टेकवून उठता येईल. मग धाकटीची झोप, म्हणजे बारीक जाळीचा तंबू, कारण वाडीत डास असणार. थंड देशांसाठी केलेल्या स्लीपिंग बॅगा आपल्या किनाऱ्यावर निरुपयोगी. डिसेंबरातही रात्री चादर आणि पहाटे गोधडी एवढ्यात भागतं. तंबू मात्र हवेशीर पाहिजे. तो घट्ट बंद केला तर आतल्या माणसांच्या श्वासातली वाफ कापडावर थिजते आणि पहाटे सगळी अंथरुणं दमट होतात. वाळूत नेहमीच्या खुंट्या धरत नाहीत. कापडी पिशव्या वाळूनं भरून, दोरी बांधून हातभर खोल पुरायच्या. तंबूवर ‘चार माणसांसाठी’ लिहिलेलं असतं ना, ती चार माणसं अंग चोरून, कुशीही न बदलता झोपणारी असतात, आणि सामान बाहेर ठेवणारी. प्रत्यक्ष घरात अंग चोरून कोण झोपतं हे वाचकांना सांगायला नको. पाच माणसांना आम्ही दोन तंबू नेतोय.

आणि शौचालय. दुकानात तंबू दाखवणारा मुलगा तासभर खांब, कापड, शिवण यांविषयी बोलला. हा विषय काढल्यावर ‘मॅडम, मोकळं असतं ना तिकडे’ म्हणाला. पुरुषांना मोकळं असतं. बायका अशा सहलीत काय करतात? दुपारपासून पाणी पिणं कमी करतात. मी शाळेच्या सहलीपासून करत आले आहे, माझ्या आईनं जन्मभर एसटीच्या प्रवासात केलं, आणि हे दोघींनीही कधी गैरसोयीच्या खात्यात मांडलं नाही. निसर्गात मुक्त होणं वगैरे जे म्हणतात, ते तहान दाबून धरून होत नाही. आत्याच्या घरचा संडास तंबूपासून शंभरेक पावलांवर आहे. म्हणून यादीत दोन चांगल्या बॅटऱ्या, एक टेकायची काठी आणि अंधारात वाटेवर ठेवायचे तीन छोटे दिवे. या सहलीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू मी हीच मानते.

इथवर मी सोयीच्या बाजूनं बोलते आहे. पण आमची सोय होताना गैरसोय कोणाची, हेही तितकंच तपासायला हवं. पुण्या-मुंबईच्या माणसाला किनारा रिकामा दिसतो. गावाला तो कामाची जागा असतो. तिथे जाळी दुरुस्त होतात, मासळी वाळते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात. रात्री साडेअकराला आपला स्पीकर बंद होतो तेव्हा कोणाची तरी समुद्रावर निघायची वेळ भरतीवर बांधलेली असते. तिथीला तीननं गुणून चारनं भागलं की भरतीची साधारण वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर तोंडपाठ असतो. आमच्या अलार्मशी त्याचा काही संबंध नाही. त्यामुळे स्पीकर आणि थर्माकोलच्या प्लेटा यादीतून गेल्या. मोठी शेकोटीही गेली, कारण सुरूच्या वाळक्या काड्या झटकन पेटतात. ताटं घरचीच, स्टीलची. जड आहेत, असू देत.

एक गोष्ट मात्र मला सोडवता आलेली नाही. तंबूखाली अंथरायची ताडपत्री घ्यायला गेले तेव्हा दुकानात एक जोडपं तीच निळी ताडपत्री हातानं ताणून बघत होतं. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कामाला निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधले सहा-सात महिने पोरांसकट अशाच कापडाखाली किंवा रचलेल्या कच्च्या विटांच्या आडोशाला. त्यांचं सामान खरोखर कमी असतं. ते पाहून कोणाला अपरिग्रह सुचत नाही. अडचण दोन रात्रींपुरती निवडता येणं ही खाट-खुर्चीपेक्षा कितीतरी मोठी चैन आहे, आणि ती यादीतून खोडता येत नाही. त्यासाठी सहल रद्द करावी असंही मला वाटत नाही. सहल रद्द झाल्यानं त्या जोडप्याला काय मिळणार? पण मुलांना तंबूत झोपवून ‘बघा, किती थोडक्यात माणूस जगू शकतो’ असं शिकवायचं नाही, एवढं मी नवऱ्याला निक्षून सांगितलं आहे. थोडक्यात कसं जगतात ते आपल्याला ठाऊक नाही. आपण मजा करायला जातोय, आणि मजा म्हणूनच जाऊ.

खाट सात किलोची आहे. ती बोईसरच्या जिन्यावरून नवरा नेणार, हे त्यानं मान्य केलं आहे, तक्रारीसकट. थोरला ताटं आणि दोऱ्या उचलेल. सासूबाईंनी येण्याचं कबूल केलं आणि लगेच लसणाची चटणी कुटायला घेतली. धाकटीनं यादी वाचून विचारलं, ‘आई, यात तुझं काय आहे?’ तेव्हा मी शेवटी एक फोल्डिंग खुर्ची लिहिली. ती कोणाच्याही गुडघ्यांसाठी नाही. सकाळचा पहिला चहा मला त्या खुर्चीत आणून द्यायचा, असं सर्वानुमते ठरलंय. कोणी, यावर बोलणी चालू आहेत.