भिंतीतला क्रूस



१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. पोर्तुगालच्या लिस्बन शहरात भाविक मिस्सेला जमले असताना भूकंप झाला. दगडी चर्चेस त्यांच्यावरच कोसळली, मेणबत्त्यांनी आग पसरली. कार्मो मठाचे चर्च आजही बिनछपराचे उभे आहे.

ही पापांची शिक्षा, असे फादर मालाग्रिदा यांनी १७५६ साली लिहिले. शेजारच्या घरी आजार वा अपघात झाला की आपणही हेच कुजबुजतो ना? शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेले अठरा जण इतरांहून अधिक अपराधी नव्हते, असे प्रभू येशू स्पष्ट सांगतो (लूक १३:४-५). पश्चात्ताप करा म्हणतो तो आपल्याला, मेलेल्यांना नव्हे!

लिस्बन पुन्हा बांधताना घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घातला गेला. त्याला तिथे ‘गायोला’, म्हणजे पिंजरा म्हणतात. दगड ढासळले तरी घर उभे राहावे, माणसे वाचावीत, ही योजना. त्यात एकमेकांना छेदणारे तिरके वासे म्हणजे प्रेषित आंद्रेयाचा क्रूस. वरून गिलावा, म्हणून तो दिसत नाही.

आपल्या धर्मग्रामात या महिन्यात ज्या घरी मयत झाली, तिथे या आठवड्यात जाऊ या. कारण विचारायला नव्हे, सोबत बसायला.