लक्ष्मीबाईंची आठवण

आपल्याकडच्या ख्रिस्ती घरातली एखादी आजी प्रभूघरी गेली की तिच्या प्रार्थनेबद्दल, सेवेबद्दल सगळे बोलतात. मला अशा वेळी लक्ष्मीबाई टिळक आठवतात.

१८९५ मध्ये पती नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाई कोसळल्याच. आधी दुरावा, मग एकाच घरात वेगळं सोवळं. ते सोवळं सुटलं त्यांच्या स्वतःच्या विचाराने, बाप्तिस्मा त्यानंतरचा. त्यांना नुसती ‘पतीमागे गेलेली पत्नी’ म्हणणं अन्यायाचं आहे.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. शाळेची पायरी न चढलेली ही बाई! वडिलांच्या चरित्रासाठी मुलाने, देवदत्तने, आठवणी मागितल्या आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र उभं राहिलं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. पुढे त्यांचे नातू अशोक टिळक यांनी आजीचं हे पुस्तक नव्याने संपादित केलं.