'मूर्ती' आणि 'प्रतिरूप': मूर्तिपूजेच्या ख्रिस्ती संकल्पनेविषयी

मूर्तिपूजेचा ख्रिस्ती विचार मराठीत मांडावयाचा तर पहिली अडचण शब्दाचीच येते. निर्गम ग्रंथातील आज्ञेत ज्या कोरीव वस्तूला मनाई आहे तिच्यासाठी हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात 'एइडोलोन' हा शब्द योजला आहे. ग्रीक वाङ्मयात त्याला छाया, आभास, मृताची भासमान आकृती असे अर्थ होते. मनुष्य देवाच्या ज्या रूपात घडला त्यासाठी मात्र त्याच भाषांतरात 'एइकोन' असा निराळा शब्द येतो, आणि पौल ख्रिस्ताला अदृश्य देवाचा 'एइकोन' म्हणतो. मराठी बायबलने पहिल्याला 'मूर्ती' व दुसऱ्याला 'प्रतिरूप' असे शब्द दिले. 'मूर्ती'ला संस्कृत परंपरेत आभासाची छटा नाही. आकार घेणे, घट्ट होणे, साकार होणे हाच तिचा आशय. ज्या शब्दाने ख्रिस्ताचे देहधारण सहज सांगता आले असते तोच शब्द अशा रीतीने निषेधाच्या बाजूला गेला, आणि आभास कोणता हा प्रश्न मागे पडून वस्तू कोणती हा प्रश्न पुढे आला.

वस्तूचा निषेध संहितेत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या निषेधाला अर्थ देणाऱ्या दोन कथा वस्तूपाशी थांबत नाहीत. सोन्याच्या वासराची कथा परक्या देवाच्या उपासनेची म्हणून वाचली जाते. प्रत्यक्षात अहरोन दुसऱ्या दिवशीचा उत्सव इस्राएलाच्या स्वतःच्याच देवाच्या नावे जाहीर करतो. मोशे पर्वतावरून परतण्यास विलंब लावतो, वाट पाहणे लोकांना असह्य होते, आणि अनुपस्थित देवाऐवजी हाताशी राहील असा देव ते घडवून घेतात. अपराध धातूच्या वापराचा असता तर त्याच ग्रंथात कराराच्या कोशावरील सोन्याच्या करुबांची आज्ञा आली नसती.

दुसरी कथा अधिक बोलकी, आणि वादांत अधिक दुर्लक्षित. गणना ग्रंथात विषारी सापांनी लोक मरू लागतात तेव्हा देवाच्याच आज्ञेने मोशे पितळेचा साप करून काठीवर लावतो. त्याकडे पाहणारा वाचतो. पुढे कित्येक पिढ्यांनंतर यहूदाचा राजा हिज्कीया तोच साप फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. 'नहुश्तान' या त्याच्या नावात साप आणि पितळ या दोन्ही हिब्रू शब्दांचा ध्वनी आहे. राजाच्या तोंडी ते 'नुसते पितळ' अशा अवहेलनेने येते. त्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःच्या उंच केले जाण्याला याच सापाची उपमा देतो. एकच वस्तू आधी औषध, मग त्याज्य मूर्ती आणि शेवटी क्रुसाचे चिन्ह होते. तिचे पितळ कधीही बदललेले नाही. बदलते ती पाहणाऱ्याची दृष्टी. वस्तूतून पलीकडे जाणारी दृष्टी वस्तूवरच स्थिरावली की मूर्तिपूजा घडते. झाँ-लुक मारियों या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1977 आणि 1982 मधील ग्रंथांत मूर्ती व प्रतिमा यांच्यात जो भेद केला तो याच दिशेचा आहे. त्याच्या मते मूर्ती हा नजरेला तिचेच प्रतिबिंब परत देणारा आरसा असतो, आणि देवाविषयीची तात्त्विक संकल्पनादेखील अशी मूर्ती होऊ शकते.

बिझंटाइन साम्राज्यातील प्रतिमावाद याच मुद्द्यावर पेटला होता. 754 च्या हिएरियाच्या परिषदेने प्रतिमा त्याज्य ठरविल्या. दमास्कसच्या योहानाचा युक्तिवाद त्याआधीचाच होता: देव देहधारी झाला, म्हणून तो चित्रित करता येतो. 787 च्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेने केवळ देवाला देय असलेली आराधना आणि प्रतिमेला देता येणारे वंदन असा भेद केला. तिचे ठराव ज्या लॅटिन भाषांतरातून शार्लमेनच्या दरबारी पोहोचले त्यात वंदनासाठी आराधनेचाच शब्द पडला होता. फ्रँक धर्मपंडितांनी जो मोठा प्रतिवाद लिहिला त्याचा बराच भाग या भाषांतराशी झुंजण्यात गेला. इतिहासातील ही एक गंमत खरी, परंतु तिच्यात सूचन आहे. दुसऱ्याच्या नमस्काराचा अर्थ बाहेरून ठरविणे किती अवघड असते, हे एकाच धर्मातील दोन भाषांच्या दरम्यानही दिसून आले.

गोव्यात हे अंतर दोन धर्मांचे होते, आणि तेथे राजसत्ताही होती. 1541 मध्ये तिसवाडीतील व 1567 मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते भक्तांनी जुवारीपलीकडे आदिलशाही मुलखात, अंत्रुज महालात नेली. ज्यांनी देवळे पाडली ते प्रतिमाद्वेष्टे नव्हते. त्यांनी उभारलेल्या चर्चांच्या वेदी संतांच्या पुतळ्यांनी भरलेल्या आहेत. आपल्या पुतळ्यापुढील नमस्कार पलीकडे पोहोचतो आणि दुसऱ्याचा पाषाणापाशी अडतो, हा निर्णय कोणत्या पुराव्यावर झाला? परंपरेच्या स्वतःच्या कसोटीवर त्याला उत्तर नाही, कारण कसोटी दृष्टीची आहे आणि दृष्टी हातोड्याला दिसत नाही. हिज्कीयाने आपल्याच लोकांचा, आपल्याच धर्मपुरुषाने केलेला साप फोडला होता. साष्टीत मात्र दुसऱ्याची वस्तू फोडली गेली, आणि त्याबरोबर मूर्तिपूजा ही आत्मपरीक्षणाची संकल्पना आरोपपत्राची संकल्पना झाली.

या आरोपाला आधुनिक काळात जे ठरीव उत्तर दिले गेले तेही तपासावयास हवे. मूर्ती हे केवळ प्रतीक आहे, उपासक पाषाणाला नव्हे तर पलीकडच्या तत्त्वाला भजतो, असे ते उत्तर. पार्थिव गणपतीची प्राणप्रतिष्ठा आणि विसर्जन पाहता त्यात तथ्य आहे: माती आधी देव नव्हती, नंतरही नाही. परंतु पंढरपुरात काकडआरतीने ज्याला जागविले जाते आणि शेजारतीने ज्याला निजविले जाते त्याला 'केवळ प्रतीक' म्हणणे ही त्या भक्तीची व्याख्या नव्हे. टीकाकाराला मान्य होईल अशा भाषेत केलेले ते भाषांतर आहे, आणि ती भाषा बव्हंशी प्रॉटेस्टंट आहे. कॅथलिक भाविकही पवित्र भाकरीला केवळ प्रतीक म्हणून समाधान मानणार नाही. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी 1987 मध्ये, कोणीही स्वतःच्या दृष्टीने मूर्ती पुजत नसतो, असे प्रतिपादन केले ते येथे उपयोगी पडते. मात्र त्यामुळे संकल्पनाच बाद होते असे मानणे घाईचे ठरेल. दुसऱ्याविषयी ती वापरता येत नसेल. स्वतःविषयी वापरण्यास कोणाची आडकाठी नाही.

गोव्यातून निघालेला सर्वांत गंभीर प्रतिसाद वादग्रंथाचा नसून काव्याचा आहे. 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी ओवी, पुराणाचा आकृतिबंध, गुरू आणि श्रोते यांचा संवाद, स्वर्गासाठी 'वैकुंठ': देवळांतून हाकललेले बरेच काही या ग्रंथाने भाषेत राहू दिले. जुनी पुराणे हिरावली गेल्याने रिकामा झालेला श्रोता त्याच्यासमोर होता, आणि स्टीफन्सने त्याची भाषा फोडली नाही. त्याच्या औदार्याला त्या सत्तेचे छत्र होते, हेही विसरता येत नाही.

सुमारे तीन शतकांनंतर पंडिता रमाबाईंनी याच प्रश्नाचे उलट टोक गाठले. संस्कृत ग्रंथपरंपरेत वाढलेल्या या विदुषीने मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. साधी मराठी वापरावी आणि हिंदू दैवतकल्पनांची छाया असलेले शब्द टाळावेत, असा त्यांचा कटाक्ष होता. पाषाण दूर केला तरी देव शब्दात बसून राहतो, हे त्या आतून जाणत होत्या. स्टीफन्सला शब्द वाहक वाटला, रमाबाईंना निवासस्थान. समीक्षकांना स्टीफन्सची बाजू अधिक रुचते, कारण काव्य तिथे आहे. परंतु भाषेत दडलेल्या मूर्तीचा विचार अधिक खोलवर नेला तो रमाबाईंनीच.

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लोभाला मूर्तिपूजा म्हटले आहे, तेथे मराठी वाचक आजही अडखळतो. लोभाला आकार नाही, त्याची प्राणप्रतिष्ठा कोणी करीत नाही, त्याला विसर्जन नाही. 'एइडोलोन' वाचणाऱ्याला आभासाचा धागा निदान सापडू शकतो. 'मूर्ती' वाचणाऱ्याच्या नजरेसमोर देऊळ उभे राहते, आणि तेही बहुधा दुसऱ्याचे.