तीन बाटल्या

२०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. ३,३०० मीटरच्या वर, बेदिनी बुग्यालवर पुण्याच्या मंडळींचा तळ पडला होता. तंबूंच्या दोन्ही अंगांना ओढे. मंडळींचे म्होरके आबा उजवीकडच्या ओढ्यातलं पाणी ओंजळीनं प्यायले नि म्हणाले, "अमृत आहे! उकळायचं-बिकळायचं नाही, गॅस वाचवा."

दुसऱ्या दिवशी तिघांची पोटं बिघडली. आबांनी खच्चरवाल्याला धारेवर धरलं. "तुझ्या जनावरांनी पाणी नासवलं. मजुरी कापीन."

"साहेब, खच्चरं डावीकडच्या ओढ्यावर असतात."

"जनावरं ती! कुठंही जातात."

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या एक ताई सोबत होत्या. खेड्यातल्या विहिरी तपासायच्या एच-टू-एस बाटल्या त्यांच्या सॅकमध्ये होत्या. दोन त्यांनी ओढ्यांवर भरल्या, तिसरी बेदिनी कुंडावर. विष्ठेतले जिवाणू असले की बाटलीतलं पाणी काळं पडतं, पण त्याला ऊब लागते आणि तिथं रात्री बोटं आखडतात. ताईंनी बाटल्या लोकरी मोज्यांत गुंडाळून स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेतल्या.

"एवढ्या थंडीत कसले जंतू!" आबा हसले. पुष्कळांना असंच वाटतं. खरं तर फ्रिजमध्ये कोथिंबीर टिकते तसे हे जिवाणू गार पाण्यात जास्त दिवस तग धरतात.

कुंडाच्या बाटलीचा रंग बदलला नाही. साचलेल्या पाण्यात गाळ तळाशी बसतो, वरच्या थरातले जिवाणू उन्हानं मरतात. तरी एका बाटलीवर ताई काही हमी देईनात. डावीकडची संध्याकाळी काळी पडली.

"बघा!" आबा गरजले.

ताईंनी उजवीकडची पुढे केली. ती सकाळीच काळीकुट्ट झाली होती.

ताई ओढ्याच्या काठानं वर गेल्या. वीसेक पावलांवर आपलाच टॉयलेट तंबू. खड्डा जेमतेम चार बोटं खोल, आणि रात्रीच्या सरीनं त्यातलं सगळं थेट ओढ्यात उतरलेलं. खड्डा हवा वीतभर खोल आणि पाण्यापासून साठ मीटर लांब. अंधारात लांब जायला नको म्हणून ही जागा आबांनीच निवडली होती.

मजुरीचा विषय पुन्हा निघाला नाही. खच्चरवाल्यानं आबांच्या हाती फावडं दिलं.

त्या उंचीवर पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून ताई ते तीन मिनिटं खळखळू देत. गॅस पुरेना, तेव्हा आबांचा दुसरा चहा बंद झाला.