उत्साहाचे देणे

फैजपूरच्या माणसाला वर्गणी ही गोष्ट शिकवावी लागत नाही. हिवाळा लागला, बामणोदची वांगी बाजारात दिसू लागली, की मळ्यांतून भरिताचे बेत ठरू लागतात. कुणी वांगी आणतो, कुणी तुराट्या, कुणाच्या घरून कळण्याच्या पुऱ्या येतात, आणि ज्याच्यापाशी यांतले काहीच नसते तो चार रुपये रोख देतो किंवा नुसताच जाळापाशी बसून वांगी उलटीपालटी करतो. कुणी किती दिले याचा हिशेब विचारण्याची रीत नाही. आम्ही ज्या गोष्टीविषयी लिहिणार आहोत ती वरवर पाहता या मळ्यातल्या जाळापासून फार दूरची, साता समुद्रापलीकडची आहे. पण तिने आमच्यापुढे जो प्रश्न उभा केला त्याचे मूळ आम्हांला इथेच सापडले.

गोष्ट एका खेळाची आहे. आम्ही पाच जण रविवारी संध्याकाळी एकत्र बसतो. दोघे शिक्षक, एक केळीबागायतदार, एक दवाखान्यातले कंपाउंडर आणि महाविद्यालयात शिकणारा एक तरुण. पूर्वी पत्ते खेळत असू. पुढे मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबमध्ये झैन मेमन यांनी रचलेला ‘शासन’ हा राजकारणाचा पटावरचा खेळ पुण्याच्या एका भाच्याकडे पाहिला. हा खेळ २०१९ साली लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून निघाला होता. त्याच मालिकेतला ‘शासन: आझादी’ हा दुसरा खेळ २०२१ मध्ये याच मार्गाने आला. त्यात एक गंमत आहे. खेळणाऱ्यांनी आधी मिळून परकीय सत्तेशी झुंजायचे आणि त्याच वेळी स्वातंत्र्यानंतरच्या सत्तेसाठी आपापले वजनही वाढवत राहायचे. आपल्या देशाचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला हे सांगायला नको.

आम्हांला मात्र ओढ लागली ती पूर्णपणे सहकाराच्या खेळांची. सारीपाट घ्या, सोंगट्या घ्या, ज्ञानदेवांच्या नावाने परंपरेने सांगितला जाणारा मोक्षपट घ्या. आपल्या साऱ्या पटांवर एकाची सरशी म्हणजे दुसऱ्याची पीछेहाट. मोक्षपटावरसुद्धा जो तो आपल्या पुण्याच्या शिडीने एकटाच वर जातो. शेजारी सापाच्या तोंडी गेला तरी आपण दान टाकतच राहतो! याउलट कॅनडात जिम डीकोव्ह यांनी १९७२ पासून घरगुती सहकारी खेळांचा लहानसा उद्योग चालवला. पुढे २००८ साली मॅट लीकॉक यांचा ‘पँडेमिक’ आला, ज्यात साऱ्यांनी मिळून जगातल्या साथी आवरायच्या असतात. या खेळांत खेळणारे सगळे एका बाजूला आणि संकट दुसऱ्या बाजूला. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.

असे कितीतरी खेळ आता लोकवर्गणीतून निघतात. २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टर या अमेरिकन संस्थेची पद्धत अशी, की कर्त्याने रक्कम जाहीर करायची. ती मुदतीत जमली तरच पैसे घेतले जातात, नाहीतर कुणाचा एक पैसाही कापला जात नाही. २०२० साली ‘फ्रॉस्टहेवन’ या सहकारी खेळासाठी ८३ हजारांवर लोकांनी मिळून सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर दिले. तेव्हा तो खेळ छापूनही झालेला नव्हता.

इथे विचार करणारा माणूस अडखळतो. जी वस्तू अजून नाही तिचे पैसे देणारा माणूस कोण? तो गिऱ्हाईक म्हणावा, तर गिऱ्हाईक वस्तू पाहून पैसे मोजतो. दाता म्हणावा, तर दात्याने मोबदल्याकडे डोळे लावून बसू नये, आणि हा तर पेटी कधी येते म्हणून टपाल्याची वाट पाहत असतो. भागीदार म्हणावा, तर नफ्यात त्याचा वाटा नाही. किकस्टार्टरनेच २०१२ साली आपण दुकान नव्हे असे बजावून सांगितले. मग आहे काय?

आमच्या गावाने या प्रश्नाचे एक रूप फार पूर्वी पाहिले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन फैजपुरात भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी बांबू आणि खेड्यात मिळणारे साधे सामान वापरून टिळकनगर सजवले. स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते. साने गुरुजींनी त्यासाठी खानदेशात गावोगाव हिंडून लोक जागवले. ज्यांनी पैसे, धान्य, श्रम दिले त्यांना परत काय मिळायचे होते? घरी न्यायला पेटी नव्हती. पुढे १९७६ साली गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये देऊन श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ उभा केला, तेव्हाही तसेच. दिलेल्या पैशातून जे उभे राहिले ते सर्वांचे झाले आणि म्हणूनच कुणा एकाचे झाले नाही.

त्या अधिवेशनाची एक गोष्ट इथे अजून सांगतात. ध्वज वर चढवताना तो मध्येच अडकला, तेव्हा शिरपूरचा किसनसिंग राजपूत हा तरुण त्या उंच खांबावर चढला आणि त्याने तो मोकळा केला. त्या धाडसाला आमचा नमस्कार आहे. तरी पण मनात येते, चढणारा लक्षात राहतो. ज्यांच्या पैशाने आणि खांद्यांनी तो खांब उभा राहिला ते लक्षात राहत नाहीत. सहकाराची ही जुनी अडचण आहे.

ती आमच्या पटावरही आली. सहकारी खेळात सर्वांचे हित एकच असल्याने जो जास्त जाणतो तो हळूहळू सर्वांचे डाव खेळू लागतो. आमच्यातल्या एका शिक्षकांचे तसे झाले. हेतू चांगला. तू इकडे जा, तो पत्ता टाक, अहो अप्पा थांबा. एका रविवारी तो तरुण शांतपणे म्हणाला, “सर, मग माझी सोंगटीसुद्धा तुमच्याजवळच ठेवा ना.” सगळे हसले. पुढच्या दोन रविवारी तो आला नाही. तिसऱ्या रविवारी सर स्वतः त्याच्या खोलीवर जाऊन त्याला घेऊन आले आणि त्या दिवसापासून दुसऱ्याच्या डावात बोलायचे नाही असा आम्ही नियम केला. त्या दिवशी आम्ही सपाटून हरलो. एवढे समाधान जिंकूनही लाभले नव्हते.

आता मुख्य गोष्ट. परदेशातल्या दोन माणसांच्या एका लहानशा मंडळीने एका सहकारी खेळासाठी लोकवर्गणी मागितली. त्यांचे नाव इथे नको. नकाशा सुंदर होता, नियमांत माणुसकी होती. आम्ही वेडावलो. महिन्या-महिन्याला त्यांचे वृत्त येई, ते मोठ्याने वाचावे, चित्रांवर चर्चा करावी, असे चालले होते. एका प्रतीचा खर्च वाहतुकीसह नऊ हजार रुपये. पाच जणांनी सारखे अठराशे घातले. तो तरुण आधी कचरत होता. त्याला भरीला घातले ते आम्ही. “अरे, इतिहासात तुझे नाव लागेल,” असेही कुणीतरी म्हणाले. पुस्तिकेच्या शेवटी वर्गणीदारांची नावे छापली जाणार होती.

मग २०२१ उजाडले. जहाजांच्या भाड्याने कळस गाठला, कागद महागला. त्या दोघांनी वर्षभर धडपड केली आणि अखेर मोकळेपणाने लिहिले, की आता खेळ छापणे शक्य नाही, पैसे आराखड्यात आणि चित्रांत संपले आहेत. निदान नियम आणि नकाशा घरी छापून घेता येईल असा देत आहोत. त्यांनी फसवले, असे आम्हांला आजही वाटत नाही. धोका पत्करूनच आम्ही पैसे दिले होते.

पण आम्ही काय केले? धोका आम्ही पत्करला. त्या मुलाने तो आमच्या शब्दावर पत्करला. उत्साह हा निर्दोष गुण मानण्याची आपल्याला सवय आहे. एखाद्या गोष्टीने भारावलेला माणूस दुसऱ्याला ओढतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, म्हणून त्याला आपण जबाबदारही धरत नाही. आम्हांला हे पटेनासे झाले. खोटे बोलणाऱ्याचे ऐकताना माणूस सावध तरी असतो. भारावलेल्याच्या डोळ्यांतली खरी चमक पाहून तो हातातली काठी टाकून देतो. साने गुरुजींसारखा माणूस लोकांपुढे हात पसरत असे तेव्हा त्याने आधी स्वतःजवळचे सारे दिलेले असे. आमचे अठराशे म्हणजे दोन रविवारचे फराळपाणी. त्याचे अठराशे म्हणजे जवळजवळ महिन्याची खानावळ. रक्कम सारखी होती. तेवढ्यावरून झीजही सारखी असे आम्ही धरून चाललो होतो.

आम्ही ठरवले, त्याचे पैसे परत करायचे. तो घेईना. म्हणाला, “सर, जिंकलो असतो तर खेळ माझाही असता. हरलो तर तेवढा तुमचा का?” आम्ही निरुत्तर झालो. सगळे पैसे त्याच्या हाती ठेवणे म्हणजे पुन्हा त्याचा डाव आपणच खेळणे, त्याची सोंगटी आपल्याजवळ ठेवून घेणे. आणि न ठेवणे म्हणजे आमच्या हौसेची किंमत त्याच्या ताटातून वसूल करणे. दोन्ही बाजूंनी अन्यायच. तो संपूर्ण टाळणारी वाट आम्हांला आजतागायत सापडलेली नाही.

शेवटी तोड काढली ती अप्पांनी. त्यांनी कधी तत्त्वज्ञान वाचले नाही. ते केळी लावतात. म्हणाले, “भरीत करतो तसे करू. ज्याच्याकडे जे आहे ते त्याने आणावे.” नऊ हजारांचा तोटा नव्याने वाटला. अप्पांनी तीन हजार अंगावर घेतले, दोघा शिक्षकांनी अडीच-अडीच हजार, कंपाउंडरांनी आठशे. उरलेले दोनशे त्या मुलाचे. ते मात्र त्याने सोडायचे नव्हते आणि आम्हीही सोडू द्यायचे नव्हते. त्याने सोळाशे परत घेतले. घेताना त्याचा चेहरा पूर्ण मोकळा नव्हता, हे आम्ही पाहिले.

पुढच्या आठवड्यात त्यानेच तो नकाशा झेरॉक्सच्या दुकानातून चार तुकड्यांत छापून आणला आणि जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर चिकटवला. सोंगट्यांच्या जागी कवड्या घेतल्या. पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर त्याने पाच नावे लिहिली; स्वतःचे शेवटी. अप्पांनी ते पान उलटसुलट करून पाहिले, खिशातून पेन काढले आणि त्या दोघा परदेशी माणसांची नावे खाली वाढवली. मग सरांनी विचारले, पहिला डाव कुणाचा.