निळा कागद

जरा बसा. घाई नाही.

हातात एक निळा कागद आहे असं समजा. एअरोग्राम. इतका पातळ की मागची अक्षरं पुढे दिसतात. कानाशी नेऊन हलवा. कुरकुरतो.

साल 1967. नोव्हेंबर. अमेरिकेहून निघालेला कागद आठ-दहा दिवसांनी माजघरात पोचलाय.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

आत स्टोची फरफर ऐकू येतेय. दूध तापतंय. राहू द्या तो आवाज तसाच.

आई हेअरपिननं कडा सोडवते. अलगद, अक्षर फाटू नये म्हणून. वर 'श्री'. मग 'ती. सौ. आईस सा. न. वि. वि.' मग पहिला बर्फ, लोकरीचे पायमोजे, परीक्षा. मुलगे असंच लिहितात. सांगायचं ते शेवटी.

शेवट आलाय. जागा संपलीय. मजकूर वळून समासात चढलाय. कागद आडवा धरा.

'गेल्या शुक्रवारी आम्ही कोर्टात लग्न केलं.'

इथे थांबा. पुढे वाचू नका.

पुन्हा श्वास घ्या.

'आम्ही'. तेवढाच शब्द बघा. मागच्या पत्रापर्यंत तिथे 'मी' होता.

त्यापुढे एक नाव. परकं, पण देवनागरीत. बाकीच्या अक्षरांहून मोठं, सुटं सुटं. रफार एकदा खोडून पुन्हा दिलाय. बॉलपेन इतकं दाबलंय की कागदाच्या मागून नाव हाताला लागतं.

फिरवा बोट. हळू.

फोटो नाही. एअरोग्राममध्ये आत काही घालायला परवानगीच नसते. नाव, एवढंच.

त्याच वर्षी 12 जूनला तिथल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. तोवर 16 राज्यांत वंशाबाहेरच्या लग्नाला कायद्यानं मनाई होती. पत्रात हे नाही. समासात मावलं नसेल.

आई बोटांवर मोजतेय. शुक्रवार. म्हणजे गेल्याच्या आधीचा. त्या दिवशी आपण काय करत होतो?

मोजू द्या तिला. तुम्हीही तिच्याबरोबर मागे जा.

सूपभर गहू निवडले होते. शेजारणीला विरजण दिलं होतं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला, त्याची वात थोडी तडतडली. बाकी काही नाही. रोजच्यासारखाच दिवस.

त्या दिवसापाशी थोडं थांबा. त्यातलं काही बदलू नका.

आता तिचे ओठ हलतायत. नाव पहिल्यांदा चुकतं. ती पुन्हा कागदाकडे बघते. पुन्हा म्हणते.

ऐका.

अजून एकदा म्हणतेय.

दूध वर येतंय. तिचं लक्ष नाही. तेवढी स्टोची चावी सोडा, आणि परत येऊन तिच्याशेजारी बसा.