दाणे कुणाचे, धूळ कुणाची

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. काकू गेल्यापासून रोज सकाळी सात वाजता ते गच्चीवर ज्वारी टाकतात. आम्ही राहतो गच्चीच्या बरोबर खाली. म्हणजे काकांची कबुतरं जेवतात वर आणि वामकुक्षी घेतात आमच्या एसीच्या आउटडोअर युनिटवर.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. मग मागच्या पावसाळ्यात आईचा खोकला थांबेना. दोन मजले चढले की ती कठडा धरून उभी राहायची. छातीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहून पहिला प्रश्न विचारला, “घराजवळ कबुतरं आहेत का?” आणि दुसरा, “कूलर वापरता का?”

आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. हा संसर्ग नाही. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ श्वासातून आत जात राहते, आणि काही जणांची प्रतिकारशक्ती तिच्यावर इतकी चिडते की इजा स्वतःच्याच फुप्फुसाला होते. हे वर्षानुवर्षं चाललं तर तिथे व्रण तयार होतात आणि ते भरून येत नाहीत. म्हणून औषधांइतकंच महत्त्वाचं असतं त्या धुळीपासून लांब जाणं.

मी इंजिनियर आहे, त्यामुळे आधी डेटा शोधला. फुप्फुसाच्या अशा आजारांची भारतातली एक मोठी नोंदवही २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या १०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्क्यांना हाच आजार होता. पण त्यांच्या घरात सगळ्यात जास्त आढळलेली गोष्ट कबुतर नव्हती, एअर कूलर होता. हे वाचून मला क्षणभर कबुतरांची बाजू घ्यावीशी वाटली. पण आमच्याकडे कूलर नव्हता. कबुतरं होती.

प्रश्न सोपा वाटला: काकांची भूतदया आणि आईचं फुप्फुस, जास्त महत्त्वाचं काय? मी मनातल्या मनात निकाल दिला. पुण्य काकांच्या खात्यात जमा आणि खर्च आईच्या खात्यातून, ही दया नव्हेच. दान स्वतःच्या खिशातून करायचं असतं.

मुंबईत २०२५ च्या जुलैत कबुतरखाने बंद करायचा आदेश निघाला, तेव्हा हाच वाद रस्त्यावर आला. ६ ऑगस्टला दादरच्या कबुतरखान्यावरची ताडपत्री जमावाने फाडून काढली. मी मोबाइलवर ते पाहत होतो आणि मला माझी बाजू पक्की माहीत होती.

मग मी जाळीवाल्याला बोलावलं. तो माझ्याच वयाचा. दोर बांधून बाहेर उतरला आणि खालून ओरडला, “दादा, युनिटच्या मागं दोन अंडी हायती. काय करू?”

पारवा हा मुळात कड्याकपारीतला पक्षी. आमची इमारत त्याच्या दृष्टीने अनेक कपारी असलेला कडाच. अंडी उबवायला साधारण अठरा दिवस, पिल्लं उडायला पुढे महिनाभर. नर-मादी दोघंही आळीपाळीने बसतात, दोघंही पिल्लांना भरवतात. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण आदल्या रात्रीच वाचलं होतं. आत आई खोकत होती.

“काढ,” म्हणालो आणि चहा ठेवायला आत गेलो.

मला बोचतं ते ‘काढ’ म्हणणं नाही. आजही मी तेच म्हणेन. बोचतं ते चहा ठेवायला जाणं. बाहेर आल्यावर पाहिलं, तो ब्रशने वाळलेली घाण खरवडत होता, तोंडाला काही न बांधता. पांढरी धूळ त्याच्या केसांवर, पापण्यांवर. डॉक्टरांनी आईला जिच्यापासून लांब राहायला सांगितलं, तीच धूळ मी पैसे देऊन दुसऱ्याच्या छातीत पाठवत होतो. काकांवर ठेवलेला आरोप शब्द न बदलता माझ्यावर लागू होत होता. काम थांबवून त्याला मास्क दिला, घाणीवर आधी पाणी मारायला लावलं. हे सुचायला मला अर्धा तास लागला.

आणि जाळी लागल्यावर कबुतरं गेली कुठे? शेजारच्या विंगमध्ये. ऑफिसच्या भाषेत, मी बग सोडवला नाही, तिकीट दुसऱ्याच्या नावावर टाकलं.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराने १९८८ पासून लोकांना समजावून दाणे टाकणं कमी करायला लावलं, ठरावीक जागी खुराडी बांधली, तिथली अंडी काढली. चारेक वर्षांत कबुतरांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. अंडी तिथेही काढावी लागलीच. पण शहराने ते काम उघडपणे आपलं मानलं. कुणा एकाला दोरावर लटकवून बाकीचे आत चहाला गेले नाहीत.

शेवटी मी काकांकडे गेलो. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. “अरे, मग आधी सांगायचं ना,” म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “पण ती सातला येऊन बसतात रे. त्यांना काय सांगू?”

मला उत्तर आलं नाही. ज्वारी त्यांनी रोज थोडी कमी करत बंद केली. आता सात वाजता ते आमच्याकडे येतात. आईला डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलंय, दोघं खाली सोसायटीत दोन फेऱ्या मारतात. आई मध्ये थांबते, तेव्हा काका वर गच्चीच्या कठड्याकडे बघतात. तिथे अजून दहा-बारा बसलेली असतात.